होळीला भरणारं हिरडओहळ

गावाचा इतिहास लिहायचा म्हणजे एका दिवसाचं काम, असं मी विमलला फोनवर ठणकावून सांगितलं. इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. अख्खी मराठेशाही मी दरवर्षी एका सहामाहीत संपवत असे. तिथे डोंगरातल्या एका चिमुकल्या गावाचं काय एवढं? सकाळच्या एसटीने जायचं, म्हाताऱ्या माणसांना चार प्रश्न विचारायचे, दुपारी लिहून द्यायचं आणि संध्याकाळी नाशिकला घरी येऊन मालिका बघायची, असा माझा बेत होता. प्रत्यक्षात मी परतले ती धुळवड उलटून गेल्यावर, साडीला धुराचा वास आणि टाचांना भेगा घेऊन.

विमल माझी विद्यार्थिनी. वसतिगृहात राहून शिकली, माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसून खुशाल झोपायची, आणि आता हिरडओहळची सरपंच आहे. हरसूलहून जीपने आत गेलं की हे गाव लागतं. आधी शेजारच्या गावांबरोबर त्यांची एकच ग्रामपंचायत होती. आता हिरडओहळची स्वतंत्र झाली, नवी इमारत उभी राहिली, आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी तिचं उद्घाटन ठरलं. दर्शनी भिंतीवर मोठ्या अक्षरात गावाचा इतिहास आणि लोकसंख्या रंगवून घ्यायची, ही विमलची हौस.

"बाई, मजकूर तुम्हीच लिहा. माझं मराठी तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे, म्हणूनच येते," मी म्हटलं.

हरसूल

त्र्यंबकेश्वरला निम्मी बस रिकामी झाली. देवदर्शनाची गर्दी उतरली आणि मागे राहिली ती बोचकी, पत्र्याच्या पेट्या आणि पेंगणारी पोरं घेऊन घरी निघालेली माणसं. सगळी द्राक्षाच्या बागांवरून येत होती. दिंडोरीकडे, पिंपळगावकडे काम करून होळीला गावी चालली होती.

हरसूलला उतरले तर होळीचा बाजार तुडुंब. साखरेच्या गाठींच्या माळा, पापड, सुकट, बोंबील, बांबूच्या टोपल्या, झगमगीत साड्या. नाशिकच्या बाजारात लोक भाव विचारून पुढे सरकतात. इथे बाया टोपलीपाशी फतकल मारून बसतात, आधी माहेरची चौकशी, मग पोराबाळांची, आणि भाव अगदी उठता उठता. मलाही एकीने बसवून घेतलं. अर्धा तास गप्पा मारून मी साखरेच्या गाठींची एक माळ घेतली आणि मोठा बाजार जिंकल्यासारखी जीपकडे गेले.

जीपवाला आरोळ्या ठोकत होता. "हिरडओहळ, खालचा पाडा, धरणपाडा. चला, धरणपाडा."

मी मधल्या सीटवर बसले. शेजारी एक उंच, सडसडीत म्हातारी येऊन बसली. कपाळावर गोंदण, मांडीवर टोपली आणि टोपलीत पाय बांधलेला कोंबडा. जीपवाल्याने तिला मुद्दामच विचारलं, "कुठं जायचं, आजी?"

"उंबरदांड," ती म्हणाली.

"उंबरदांडला गाडी नाय जात, आजी. होडी जाते."

जीपमधले सगळे हसले. हा विनोद दर बाजारी होत असावा, कारण म्हातारी हसलीही नाही आणि चिडलीही नाही. पदर सावरून बाहेर बघत राहिली. मी नकाशे कोळून प्यायलेली बाई, पण उंबरदांड नावाचं गाव मला या भागात आठवेना. विचारणार तेवढ्यात माझ्या पिशवीतून कटकट आवाज आला. कोंबड्याने मान लांब करून माझ्या माळेतल्या गाठी फोडायला घेतल्या होत्या.

"त्याला ग्वाड आवडतं," म्हातारी म्हणाली आणि त्याची चोच तिने हातात धरली.

ती सोनुबाई. तिचं नाव मला दोन दिवसांनी कळलं.

गाव रिकामं

विमलच्या घरी उतरले. नागलीची भाकरी, खुरासणीची चटणी आणि उडदाचं घट्ट वरण. खुरासणीची चटणी मी पहिल्यांदाच खाल्ली. काळी कुळकुळीत, दिसायला अगदीच गरीब, पण दुसऱ्या घासाला मी वाटी पुढे केली. विमल म्हणाली, "बाई, वर्गात तुम्ही कुणालाही दुसऱ्यांदा संधी देत नव्हता." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

जेवण झाल्यावर आम्ही गावात निघालो. घरं नेटकी, अंगणं सारवलेली, कुडाच्या भिंतींवर पांढरी चित्रं, पण दारं बंद. एखाद्या ओट्यावर म्हातारा, एखाद्या अंगणात नातवंडं, बाकी शुकशुकाट. मोहाची फुलं झाडाखाली पडून होती आणि ती वेचायलाही पुरेशी माणसं नव्हती. माझ्या नाशिकच्या कॉलनीत माणसं दारं लावून आत बसलेली असतात. इथे दारं लावून माणसं खरोखरच नव्हती.

गावाचे भगत धर्माबाबा ओट्यावर वाखाचा दोर वळत बसले होते. गावदेवाची पूजा त्यांच्याकडे, होळी पेटवायचा मान त्यांच्याकडे, आणि गावाची आठवण म्हणाल तर तीही त्यांच्याकडेच. त्यांची बायको चिमाबाई आतून पाणी घेऊन आली. मी माझा ठेवणीतला प्रश्न टाकला.

"बाबा, गावाची लोकसंख्या किती?"

त्यांनी माझ्याकडे जरा दयेने बघितलं. "कवाची सांगू? आवणीच्या येळची, दिवाळीनंतरची, का शिमग्याची?"

भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, सगळे गावात असतात. भात घरात आला, दिवाळी झाली की द्राक्षावर, वीटभट्टीवर जातात. शिमग्याला परततात, चार दिवस राहतात आणि पुन्हा जातात. सरकारी मोजणीवाले एकदा असे आले की गाव भरलेलं होतं आणि एकदा असे की गाव ओस. "दोन्ही आकडं खरं," धर्माबाबा म्हणाले, "तुमाला कोनता आवडतो तो घ्या."

मी वही मिटली. एका दिवसाचं काम तिथेच संपलं आणि मुक्काम सुरू झाला.

इतिहास मात्र त्यांनी झकास सांगितला. दोन भाऊ हरवलेला बैल शोधत या ओढ्याशी आले. बैल हिरड्याच्या झाडाखाली बसलेला सापडला. रात्र झाली म्हणून भावांनी तिथेच विस्तव केला आणि नागलीचं पीठ शिजवून खाल्लं. सकाळी बैल उठेना, म्हणून तेही उठले नाहीत. त्या पहिल्या विस्तवावर गाव वसलं. दर होळीला गावची एकच होळी पेटते, ती भगताच्या चुलीतल्या विस्तवाने. मग प्रत्येक घर आपली चूल विझवतं, होळीतला विस्तव घरी नेऊन ती पुन्हा पेटवतं आणि वर्षभर तो राखेखाली जपतं. नवी सून असो की नवं घर, रिवाज तोच.

"मानसं जातात, येतात," धर्माबाबा म्हणाले. "आमच्या व्हळीचा इस्तू ज्याच्या चुलीत, तो आमच्या गावचा. मंग तो द्राक्षावर असू द्या, नायतर ममईला."

मला हे इतकं आवडलं की काय सांगू. आकड्याचा घोळ एका वाक्यात मिटला होता. मी ते तिथल्या तिथे शुद्ध मराठीत उतरवलं आणि चिमाबाईंना वाचून दाखवलं. त्या माझ्या हातातला पेला घेऊन आत गेल्या. मला वाटलं, लाजल्या असतील.

गाव भरतं

पुढचे दोन दिवस मी नुसती ओट्यावर बसून गाव भरताना पाहिलं. दिवसभर पिकअप यायच्या. मागच्या हौद्यात माणसं उभी, मध्ये पेट्या, आणि एखादीच्या हातात द्राक्षांची पिशवी. गाडी थांबायच्या आत पोरं उड्या मारायची. बंद दारं एकेक करून उघडली, छपरांतून धूर निघू लागला. कोणी घरं सारवत होतं, कोणी होळीसाठी बांबू तोडून आणत होतं, तरुण पोरं ढोल तापवून बघत होती. आमची कॉलनी दिवाळीला रिकामी होते, कारण जो तो आपापल्या गावी जातो. माणसं ज्या गावी जातात ते गाव मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्या आनंदात आपलाही वाटा आहे असं मला उगाचच वाटू लागलं.

होळीच्या आदल्या दिवशी पेंटर हरसूलहून डबे-ब्रश घेऊन आला. विमलने गाव नव्या इमारतीसमोर गोळा केलं. मजकूर सगळ्यांना ऐकवायचा आणि मान्य झाला की रंगवायचा. मी वर्गातला खणखणीत आवाज काढला. बैल, हिरडा, दोन भाऊ, सगळं झालं. शेवटी माझं लाडकं वाक्य मी सावकाश वाचलं: "आमच्या होळीचा विस्तव ज्याच्या चुलीत, तो हिरडओहळचा माणूस."

पुरुषांनी माना डोलावल्या. टाळ्या पडतील म्हणून मी थांबले. मागून एक आवाज आला.

"मंग आमी कुठले, बाय?"

जीपमधली म्हातारी होती. तिच्यामागे तिच्या पाड्याची माणसं उभी होती, हौद्यातून उतरून आलेली, पेट्याही अजून न उघडलेली.

विमल माझ्या कानाशी लागली आणि तेव्हा मला कळलं. वरच्या टेकडीवरच्या धरणपाड्यावर ही माणसं राहतात. तिथे धरण नाही, पाण्याचा थेंबही नाही. इगतपुरीकडच्या एका धरणात यांचं उंबरदांड गाव गेलं, तेव्हा ती चालत इकडे आली आणि टेकडीवर राहिली. सोनुबाई तेव्हा नवी नवरी होती. यांचं मतदान इथे, रेशन इथे, पोरं इथल्या शाळेत. होळी मात्र ती वर टेकडीवर वेगळी पेटवतात.

"सरपंच," सोनुबाई विमलला म्हणाली, "पाड्याची नावं लिव्हशील त्यात आमचं लिव्ह. धरणपाडा नको. उंबरदांड लिव्ह. दुसरीकडं कुठं ते लिव्हलेलं नाय आता."

धर्माबाबा उठले. ते वाईट बोलले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. "सोनुबाय, कोन नाय म्हनतो? तुमी तुमच्या चुली इझवा, आमचा इस्तू न्या. गावचे व्हा. पयल्यापासून हेच सांगतो."

"चूल इझवनार नाय."

"मंग भिंतीवर नाव कसं येनार? रीत हाय ती."

आणि त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "बाईंनी बी तेच लिव्हलंय."

सोनुबाईने माझ्याकडे एकदा बघितलं आणि ती टेकडीच्या वाटेला लागली. तिची माणसं मागोमाग गेली. पुरुष आपसांत बोलू लागले. गावातल्या बाया मात्र एकूणएक खाली मान घालून जमीन उकरत बसल्या होत्या. मी ते पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही. मला माझंच पडलं होतं.

विमल म्हणाली, "बाई, गावाने हो म्हटल्याशिवाय मी नाव घालू शकत नाही. आणि ते नाव सोडून भिंत रंगवली, तर माझ्याने या इमारतीत बसवणार नाही."

मला संताप आला होता, सगळ्यात जास्त स्वतःचा. माझ्या वडिलांचं घर त्यांच्या गावाच्या बाहेर, नाल्यापलीकडे होतं. त्या गावचा इतिहास सांगणारे पुष्कळ होते, पण त्यात आमची वस्ती कोणाच्या तोंडी येत नसे. पुढे आम्ही नाशिकला आलो, कॉलनीत घर झालं, बुद्धविहार झालं, मी शिक्षिका झाले. आणि आता गावाची गोष्ट लिहायची पाळी माझ्यावर आली, तर मीही एक वस्ती नाल्यापलीकडे ठेवून मोकळी झाले होते. चप्पल घातली आणि टेकडी चढायला लागले.

धरणपाडा

चढ बेताचा, पण मुरमाड. अर्ध्या वाटेवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. मी चपला हातात घेतल्या आणि अनवाणी वर पोचले. सोनुबाई दारातच होती. माझे पाय बघून तिने आधी पाणी दिलं, मग आत बोलावलं. रागावलेल्या माणसाच्या घरी मला इतका लवकर गूळ कधी मिळाला नव्हता.

घरात कोपऱ्यात चूल. राखेच्या ढिगाखाली लाल डोळा दिसत होता. चुलीशेजारी काळं पडलेलं एक गाडगं.

"पानी वाढाया लागलं तवा समदे भांडी घेत व्हते, कवाडं काढत व्हते," ती म्हणाली. "माझ्या सासूनं या गाडग्यात राख घातली, वर चुलीतला इस्तू ठिवला, आन् डोक्यावर घेऊन चालाया लागली. रातचं ज्याच्या वसरीत थांबू तिथं लाकूड घालायचं. हितं आलो, चूल मांडली. ती तवापून इझली नाय. सासू गेली, मी राखते."

"आणि ती विझवली तर?"

"तं उंबरदांड कुठं ऱ्हायलं, बाय? घर पान्यात, देव पान्यात. येवढा येकच कोरडा निघाला."

मी गुळाचा उरलेला खडा तोंडात टाकला.

निघताना दाराशी मला खापऱ्यांचा ढीग दिसला. फुटक्या मडक्यांचे खोलगट तुकडे, वरून काळे झालेले. एवढ्या खापऱ्या कशाला, म्हणून मी विचारलं.

"गावातल्या बायकांच्या. पावसाळ्यात इस्तू न्याया येतात, मागल्या येळची काळी खापरी हितं ठिवतात आन् नवीत नेतात." सोनुबाई हसली. मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. "आखाडात छपरं गळतात, चुली इझतात. काड्या सादळतात. आमचं घर उंचावर, कोरडं. मंग येतात."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "कोण कोण येतं?"

"कोन नाय येत ते इचार."

"चिमाबाई?"

"ती तं सगळ्यांच्या आधी."

म्हणजे भगताच्या चुलीतला विस्तव इथला होता. त्याच विस्तवाने गावची होळी पेटत होती, आणि त्या होळीतून घरोघरी जात होता. मी तिथल्या तिथे उतरणीला वळले. आता गाव गोळा करते, म्हटलं, आणि सांगते सगळ्यांना.

सोनुबाईने माझा हात धरला. चांगला घट्ट. "तू बोलनार नाय. त्यांच्या दादल्यांना ठावं नाय. इस्तू दिला तं बोलून दावायचा नसतो. बायका माझ्या भरवशावर येतात."

मी जन्मात इतकं कठीण वचन दिलेलं नाही. विमललासुद्धा सांगितलं नाही. रात्री भाकरी खाताना ती म्हणाली, "बाई, तुम्ही आजारी आहात का? बोलत नाही आहात."

होळी

सकाळी मी चिमाबाईंकडे गेले. धर्माबाबा बांबू उभा करायला माळावर गेले होते. चिमाबाई चुलीपाशी पापड भाजत होत्या. मी दिलेला शब्द मोडला नाही, पण त्याच्या अगदी कडेपर्यंत गेले, हे कबूल करते. मी फक्त एवढंच विचारलं, "चिमाबाई, भिंतीवर जे वाक्य रंगवायचं आहे ते खरं आहे ना? मग रंगवायला सांगते."

पापड करपला. त्यांनी तो बाजूला टाकला, दुसरा निखाऱ्यावर ठेवला. "खरं हाय," त्या म्हणाल्या. "म्हनून तं जीव खातंय."

पेंटर दिवसभर भिंतीसमोर बसून होता. बैल आणि हिरडा रंगवून झाला होता, पाड्यांची नावं राहिली होती.

दिवस मावळला. माळावर उंच बांबूभोवती लाकडं रचलेली, बांबूच्या टोकाला पापड आणि गाठी बांधलेल्या. सगळं गाव जमलं होतं. रिकामं गाव पाहिल्यामुळे मला ती गर्दी फारच मोठी वाटली. वर टेकडीवरही लाकडं रचलेली दिसत होती, आणि त्यांच्याभोवती थोडीशी माणसं. ढोल थांबले. धर्माबाबा घरून आले, दोन्ही हातांत खापरी, खापरीत लालबुंद निखारे. त्यांनी गावदेवाचं नाव घेतलं, दोन भावांचं घेतलं आणि ते वाकले.

"थांबा," चिमाबाई म्हणाल्या.

त्या गर्दीतून पुढे आल्या. आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा होता. "तुमच्या हातात इस्तू हाय, तो मागल्या व्हळीचा नाय."

धर्माबाबांना कळेना. "आपल्या चुलीतला हाय."

"चुलीतला हाय. पन व्हळीचा आखाडात इझला. दर सालाला इझतो. छपर गळतं. मी वरून आनते. सोनुबायकडून."

मला वाटलं, आता म्हातारा खापरी आपटतो. चिमाबाईंनाही तेच वाटलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटले होते. तेवढ्यात गर्दीतून एकीचा आवाज आला, "आमचा बी तिथलाच." मग दुसरी बोलली. मग विमलची आई, सरपंचाची आई, पदर डोक्यावर घेत म्हणाली, "आमचा बी. पोरगी ल्हान व्हती तवापून." विमल आईकडे बघतच राहिली.

बाया एकेक करून बोलत होत्या आणि त्यांचे नवरे एकेक करून त्यांच्याकडे वळून बघत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि होळी तर अजून पेटलीही नव्हती, त्यामुळे धुराचंही नाव सांगता येईना.

धर्माबाबांनी खापरीकडे बघितलं. "म्हंजी मी इतकी वरसं," ते म्हणाले, "उंबरदांडच्या इस्त्यानं व्हळी पेटवतोय."

त्यांनी चिमाबाईंकडे पाहिलं.

"आन् त्यांना सांगतोय, तुमची चूल इझवा." ते स्वतःशीच हसले, जरासं कडवट. मग खापरी तशीच हातात धरून त्यांनी टेकडीकडे तोंड केलं. "सोनुबायला बोलवा खाली. म्हनाव, तुझा इस्तू हाय. तू आल्याबिगर मी लावनार नाय."

विमल स्वतः धावत गेली. सरपंचबाई साडी खोचून टेकडी चढताना सगळ्या गावाने पाहिल्या. निखाऱ्यांवर राख धरायला लागली तशी चिमाबाई ती हळूच फुंकत राहिल्या. सोनुबाई आली ती पाड्यासकट आली, डोक्यावर तेच काळं गाडगं. तिने आधी चिमाबाईंकडे बघितलं. चिमाबाईंनी नुसती मान हलवली.

मग धर्माबाबांनी खापरीतले आणि सोनुबाईने गाडग्यातले निखारे एकाच ठिकाणी लाकडांखाली सारले. वाळलेल्या पेंढ्याने भरकन पेट घेतला, ज्वाळा बांबूच्या शेंड्याला लागल्या आणि ढोल असे काही वाजले की टेकडीवर रचलेल्या लाकडांची कोणाला आठवण राहिली नाही. ती सकाळी तशीच होती. पोरांनी उचलून खाली आणली.

विस्तव वाटायची वेळ आली. बाया खापऱ्या घेऊन ओळीने पुढे येत होत्या. सोनुबाई गाडगं घेऊन बाजूला उभी होती. धर्माबाबांनी तिला हाक मारली. "न्या, सोनुबाय."

"आन् माझी चूल?" तिने विचारलं. तिचा आवाज आता पहिल्यासारखा ताठ नव्हता. रीत काय आहे ते तिला माहीत होतं, आणि तिला खरंच भीती वाटत होती.

"इझवून काय करता?" धर्माबाबा म्हणाले. "ह्योच तं हाय त्यो. घाला त्याच्यातच."

परतताना

धुळवडीला उद्घाटन झालं. पाहुण्यांची भाषणं लांबली, माईक मध्येच बंद पडला, आणि ते गावाला बरंच वाटलं. भिंतीवर माझं वाक्य जसंच्या तसं आहे, एक अक्षर बदललं नाही. खाली पाड्यांची नावं आहेत आणि त्यात उंबरदांड आहे. लोकसंख्येपुढची जागा पेंटरने कोरी सोडली. विमल म्हणते, तिथे खडूने लिहू, म्हणजे आवणीला वेगळी आणि दिवाळीनंतर वेगळी लिहिता येईल. पाहुण्यांना ते खटकलं. मला विचाराल तर लोकसंख्येची इतकी खरी नोंद मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

लगेच पिकअप लागल्या. बागांमध्ये घड पिकून थांबलेले, गावाला थांबायला वेळ नव्हता. पेट्या पुन्हा चढल्या, दारं पुन्हा लागली. या वेळी मला ते रिकामं होणं आधीसारखं उदास वाटलं नाही. राखेखाली विस्तव होता आणि तो राखायला म्हाताऱ्या मागे होत्या.

मीही निघाले. सोनुबाई मोहाची फुलं विकायला हरसूलला येत होती, म्हणून आम्ही एकाच जीपने उतरलो. कोंबडा या वेळी नव्हता. तो होळीला कामी आला होता आणि त्यातला एक वाटा माझ्याही ताटात पडला होता, त्यामुळे साखरेच्या गाठींचा हिशेब मिटला. हरसूलला मी तुटकी चप्पल शिवून घेतली. तोवर सोनुबाईची फुलं विकून झाली आणि ती परतीच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. माझी बस उभी होती. मी खिडकीशी जाऊन "येते" म्हटलं.

"आखाडात ये," ती म्हणाली. "कोरडं घर हाय."

जीपवाला दाराला लटकून आरोळ्या देत होता. तोही होळीला माळावर होता, मी त्याला नाचताना पाहिलं होतं. "हिरडओहळ," तो ओरडला, "खालचा पाडा." मग जरासा अडखळला, पुढच्या सीटकडे एक नजर टाकली आणि आधीपेक्षा मोठ्याने ओरडला, "उंबरदांड. चला, उंबरदांड."

सोनुबाई पदर सावरून बाहेर बघत होती, जसं काही ऐकूच आलं नाही.